जिभेखालचे पान

नदीच्या अलीकडे चाराच्या झाडांचे एक जंगल होते. जिथे चार तिथे खारी, म्हणून त्या जंगलात खारींची मोठी वस्ती नांदत होती. मुलांनो, चारोळी तुम्ही बासुंदीत किंवा श्रीखंडावर पाहिली असेल. पण ती झाडाला तशी लागत नाही. चैत्र-वैशाखात चाराला काळपट जांभळी, बोराहून लहान फळे येतात. फळात दगडासारखी टणक बी असते, आणि ती बी फोडली की आतून चारोळी निघते. पळसाच्या पानाचा एक द्रोण भरायचा तर एका खारीला सकाळपासून ऊन कलेपर्यंत दात चालवावे लागत. हंगामात बिया गोळा करून ठेवायच्या आणि वर्षभर फोडत बसायचे, असे त्यांचे काम होते.

पण या खारी चारोळी खात नसत. सगळी चारोळी नदीपलीकडे जाई. पलीकडे मोठी आमराई होती आणि आमराईत वानर राहत. वानरांना चारोळी फार आवडे. दर आठ दिवसांनी त्यांचा व्यापारी वानर नदीवर आडव्या पडलेल्या अर्जुनाच्या खोडावरून येई, भरलेले द्रोण घेई आणि एका द्रोणाला पाच द्रोण भुईमुगाच्या शेंगा देई. त्या शेंगांवर सगळी वस्ती जगत असे.

वस्तीची एक रीत होती. कामाला बसण्याआधी प्रत्येकीने जिभेखाली कडुलिंबाचे पान ठेवायचे. व्यापार नुकताच सुरू झाला तेव्हा फोडणाऱ्या खारी अर्धी चारोळी स्वतःच खाऊन टाकत. त्या वेळच्या मुकादमीण खारीने हा उपाय काढला. तोंड कडू असले की काही खावेसेच वाटत नाही. पुढे उपायाची रीत झाली आणि रीतीचा मान झाला. पिल्लाला पहिला दात आला की आई त्याच्या जिभेखाली कोवळे पान ठेवी. वाटेत दोन खारी भेटल्या की एक विचारी, "तोंड कडू?" दुसरी म्हणे, "कडूच!" आणि दोघी आपापल्या कामाला जात.

वानरांची मागणी वाढत गेली तसे खारींचे दात कमी पडू लागले. जंगलाच्या मागे एक उघडा माळ होता. माळावर उंदरांची बिळे होती आणि तिथे आपोआप उगवणारा सावा होता. साव्याने पोट भरे, पण सावा खाऊन कोणी मिशा चाटत नाही. शेंगांची गोष्ट ऐकून तरणे उंदीर जंगलात फोडायच्या कामाला येऊ लागले. पिल्ले माळावर आजीकडे ठेवायची, पौर्णिमेला गालात दोन-चार शेंगा भरून घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे, असा त्यांचा क्रम होता. पान त्यांनाही ठेवावे लागे.

त्यांत एक उंदरीण होती. तिचे दात इतके नेमके होते की बी फुटे, पण आतल्या चारोळीला ओरखडा उठत नसे. खारीही तिला मानत. एका पौर्णिमेला ती घरी गेली तेव्हा तिच्या मोठ्या पिल्लाने विचारले, "आई, तू तिथं काय करतेस?"

"चारोळी फोडते."

"ती लागते कशी?"

"पिवळसर असते," उंदरीण म्हणाली. "आणि तिला एका बाजूला टोक असतं."

"ते नाही गं. लागते कशी?"

"पुढच्या वेळी सांगते."

पुढच्या पौर्णिमेला पिल्लाने तेच विचारले. उंदरिणीने त्याच्यापुढे शेंग सोलून ठेवली आणि विषय बदलला. त्यानंतर पिल्लाने विचारणे सोडले. उंदरिणीला मात्र ते विचारणे आठवत राहिले.

आता आमराईत काय चालले होते ते सांगायला हवे, कारण पुढचे सगळे तिथून सुरू झाले.

आमराईतले वानर आंब्यांची वाट पाहायला विसरले होते. पौषात एखाद्या फांदीला मोहोर दिसला की त्या फांदीचा वानर आंब्याचे पान तोडी, त्यावर दाताची खूण करी आणि शेताच्या कडेला राहणाऱ्या वानराला म्हणे, "हे पान ठेव. ज्येष्ठात याचे वीस आंबे देईन. आत्ता मला शेंगा दे." तो वानर ते पान दुसऱ्याला देऊन आणखी काही घेई. दुसरा तिसऱ्याला देई. मोहोराच्या एकेका तुऱ्यावर पाच-पाच पाने फिरू लागली. आंबा अजून मोहरीएवढाही झाला नव्हता, पण आमराईत जो तो श्रीमंत होता, आणि श्रीमंताला रोज चारोळी लागते. खारींच्या आताच्या मुकादमिणीनेही, शेंगा कमी पडल्या तेव्हा, बदल्यात अशी पाने घेतली होती. घेता घेता तिची एक ढोली पानांनी गच्च भरली होती.

माघात सहा दिवस धुके पडले. मोहोराला तुडतुडे लागले, आणि सातव्या सकाळी वारा सुटला तसा सगळा मोहोर गळून पडला. झाडांखाली काळपट भुग्याचा थर साचला. त्या दुपारपासून आमराईत कोणी कोणाचे पान घेईना. ज्याच्याजवळ मूठभर शेंगा होत्या, तो त्या शेंगांवर बसून राहिला.

ही बातमी जंगलात टिटवीने आणली.

"ऐकलंत का? आमराईत मोहोर गळला! झाडून सगळा गळला!"

"गळू दे," मुकादमीण म्हणाली. "आपण कुठं आंबे खातो?"

सगळ्या खारी हसल्या. कोठीवर एक म्हातारी खार बसत असे. तिला सगळे कोठीआजी म्हणत. फक्त ती हसली नाही.

"आपण आंबे खात नाही गं," ती म्हणाली, "पण आंबे खाणारेच आपल्याला खायला घालतात."

आठव्या दिवशी व्यापारी वानर आला नाही. सोळाव्या दिवशी आला, तोही रिकाम्या हाताने. आधी एका उडीत येणारा तो वानर खोडावरून हळूहळू चालत आला.

"यंदा चारोळी नको," तो म्हणाला.

"अर्धी तरी न्या."

"नको म्हणतो ना, बाई."

"भाव उतरवू. पाचाऐवजी चार द्या. बरं, तीन."

"भावाचं नाही हो हे. आमच्याकडं द्यायलाच काही नाही. परवा माझ्या सख्ख्या भावानं माझ्या हातची शेंग हिसकली."

मुकादमिणीने त्याला पानांच्या ढोलीकडे नेले. "मग ही पानं? यांच्यावर तुमच्याच दाताच्या खुणा आहेत."

वानराने आत डोकावून पाहिले. पाने वाळून तपकिरी झाली होती. त्याने एक उचलले, तर ते हातातच चुरले. "जपून ठेवा," तो म्हणाला. "मोडू नका. पुढच्या साली मोहोर धरला तर बघू." आणि मागे न पाहता तो निघून गेला.

मुलांनो, खार काय आणि उंदीर काय, यांचे दात जन्मभर वाढत असतात. काही ना काही कुरतडून ते झिजवावे लागतात. नाहीतर वाढून वाढून ते तोंडच मिटू देत नाहीत. म्हणून मुकादमिणीला सर्वांत मोठी भीती काम थांबण्याची होती. ती म्हणाली, "वानर आज ना उद्या येतील. दात थांबता कामा नयेत. फोडत राहा."

खारी आणि उंदीर फोडत राहिले. कोठी भरली. दुसरी ढोली रिकामी करून तीही भरली. मग बिया संपत आल्या, तेव्हा मुकादमिणीने सगळ्यांना नदीकाठच्या वाळक्या झाडांवर लावले. "ढोल्या कोरा," ती म्हणाली. एका महिन्यात एकेचाळीस नव्या ढोल्या तयार झाल्या. गोल, गुळगुळीत, आत भुसा अंथरलेल्या. एका ढोलीत एक पिंगळा येऊन बसला.

"काम छान झालंय," तो म्हणाला. "राहणार कोण?"

"येईल कोणीतरी," मुकादमीण म्हणाली.

"मी आलो ना. चाळीस उरल्या."

दात झिजत होते, पण पोट भरत नव्हते. आधी रोज पाच शेंगा मिळत, मग तीन, मग दोन. फाल्गुन संपता संपता कोठीआजीने मुकादमिणीला बाजूला घेऊन सांगितले की आता सगळ्यांना पुरतील अशा शेंगा आठच दिवसांच्या आहेत, आणि उंदीर नसतील तर महिनाभराच्या. पाऊस मात्र अडीच महिने दूर होता. खारींना दुसरे काही शोधून खायची सवय राहिली नव्हती. वर्षानुवर्षे त्यांनी फक्त फोडले होते.

मुकादमीण दिवसभर आपल्या सपाट दगडावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उंदरांना बोलावले.

"माळावर तुमची बिळं आहेत," ती म्हणाली. "आम्हाला कुठं जागा आहे? तुम्ही घरी जा. वानर आले की मी टिटवीबरोबर निरोप पाठवीन."

काम सोडून जाणाऱ्यासाठीही रीत होती. जिभेखालचे पान काढून मुकादमिणीच्या दगडावर ठेवायचे. उंदीर एकामागून एक पुढे येऊ लागले. पान ठेवायचे, वाटेसाठी मिळालेल्या दोन शेंगा उचलायच्या आणि निघायचे. कोणी कोणाला "तोंड कडू?" असे विचारले नाही.

उंदरिणीची पाळी आली. तिने पान ठेवले, पण शेंगा उचलल्या नाहीत.

"काय गं? कमी वाटतात?" मुकादमीण म्हणाली. "मी स्वतः काल एकच खाल्लीय."

"कमी नाहीत, बाई. पण शेंगा नकोत. चारोळी द्या."

आजूबाजूच्या खारींत हशा पिकला.

"ऐका! उंदरांना चारोळी पाहिजे!"

"उद्या आमराईत झोका मागेल!"

मुकादमीण हसली नाही. "चारोळी हा माल आहे," ती म्हणाली. "माल कोणी खात नाही."

"कोणाचा माल?"

"वानरांचा."

"वानर तर नको म्हणाले."

"आज म्हणाले. उद्या येतील."

"आणि नाही आले तर?"

उत्तर कोठीवरून आले. "नाही आले तर मृगाची ओल लागेल, चारोळी खवट होईल आणि मुंग्या घेऊन जातील," कोठीआजी म्हणाली. "मुंग्यांनी नेलेला माल चालतो का गं तुला?"

"आजी, तुम्ही मध्ये पडू नका. आज हिला दिली तर उद्या सगळी वस्ती खायला बसेल. मग वानर आले की त्यांच्यापुढं काय ठेवू? माझ्या पणजीनं जिभेखाली पान ठेवलं म्हणून ही वस्ती उभी राहिली. आमच्या खारी एकमेकींचे द्रोण लुटत होत्या त्याआधी. तुम्हीच सांगत होतात ना?"

मुकादमिणीला उंदरीण नकोशी झाली होती असे नाही. एक पान सुटले तर सगळेच सुटेल, अशी तिला धास्ती होती.

उंदरीण सावकाश बोलली. "बाई, पान कशासाठी? फोडणाऱ्यानं खाऊ नये म्हणून. खरं ना?"

"खरं."

"मी आता फोडणारी नाही. माझं पान तुमच्या दगडावर आहे. मी आता गिऱ्हाईक आहे."

खारींचे हसणे थांबले.

"गिऱ्हाईक काहीतरी देतं," मुकादमीण म्हणाली. "तू काय देणार?"

"सावा. माझ्या आईच्या बिळात गेल्या सालचा सावा पडून आहे. खाणारी आम्ही सगळी इथं, मग संपणार कसा? एका द्रोण चारोळीला दोन द्रोण सावा देईन."

"दोनच? वानर पाच द्यायचे."

"द्यायचे," उंदरीण म्हणाली.

"आणि सावा आणला नाहीस तर?"

या वेळी कोठीआजी खाली उतरून आली. "वानरांच्या पानांनी ढोली भरलीस," ती मुकादमिणीला म्हणाली, "आणि उंदरिणीच्या शब्दावर एक द्रोण देववेना तुला?"

मुकादमिणीने दगडावर पडलेल्या पानांकडे पाहिले. मग तिने मान डोलावली. कोठीआजीने द्रोण आणला. तो तिने शिगोशीग भरला होता.

उंदरीण लगेच निघाली नाही. ती आधी नदीवर गेली. तीनदा चूळ भरली, जीभ वाळूवर घासली, पुन्हा चूळ भरली. मग परत येऊन तिने द्रोणातली एकच चारोळी उचलली आणि तोंडात ठेवली. तिने आजवर किती हजार फोडल्या होत्या कोण जाणे, पण दातांच्या पलीकडे गेलेली ही पहिलीच. ती डोळे मिटून हळूहळू चावत राहिली. सगळ्या खारी पुढे सरकल्या. मघाशी झोक्याचे बोललेली खारही सरकली.

"कशी लागते गं?" तिने विचारले.

उंदरिणीने डोळे उघडले. तिने दोनदा सांगायचा प्रयत्न केला आणि दोनदा थांबली.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "घेऊनच जावी लागेल."

द्रोण तोंडात धरून ती माळाच्या वाटेला लागली.

एक दिवस गेला, दोन गेले. खारी वाळक्या झाडांवर दात घाशीत आणि मधूनच माळाकडे पाहत. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणाले, "उंदरीण ती! बसली असेल बिळात खात." चौथ्या दिवशी मुकादमिणीने एका शेंगेचे दोन भाग करून दोन खारींना दिले.

पाचव्या दिवशी सकाळी माळाच्या वाटेवर धूळ दिसली. उंदरीण पुढे होती. तिच्यामागे जंगलातून गेलेले उंदीर होते, आणि त्यांच्यामागे माळाबाहेर कधी न पडलेले म्हातारे उंदीर, म्हाताऱ्या उंदरिणी आणि लुडबुडणारी पिल्ले होती. प्रत्येकाच्या तोंडात साव्याची कणसे होती, पिल्लांच्याही. उंदरिणीची आई पुढे झाली, तोंडातली कणसे खाली टाकली आणि मुकादमिणीला आपादमस्तक न्याहाळले.

"हीच का ती मुकादमीण? बाई गं, तीन वर्षं माझी लेक तुझ्याकडं दात झिजवते आणि चारोळीचा एक दाणा म्हणून कधी घरी आला नाही. मला वाटायचं, तुमच्या जंगलात फक्त टरफलं पिकतात!"

"आई!" उंदरीण म्हणाली.

"आई काय! माझी नातवंडं रिकामा द्रोण चाटत बसली आहेत दोन दिवस. हे घे दोन द्रोण, बोलल्याप्रमाणे. आणि हे बाकीचे आपापलं घेऊन आलेत. चारोळी काढ."

मुकादमीण त्या गर्दीकडे पाहत राहिली. मग कोठीआजीच्या कानाशी लागून म्हणाली, "आजी, उंदराचा गाल तो केवढा आणि वानराची मूठ केवढी! यानं भागणार आहे का आपलं?"

"आमराईत वानर किती?" कोठीआजीने विचारले.

"शंभर. एकशेचार."

"आणि माळावर बिळं किती?"

मुकादमिणीने ती कधी मोजली नव्हती. तिचा सपाट दगड नदीच्या बाजूला तोंड करून होता. त्यावर बसले की आमराई दिसे, अर्जुनाचे खोड दिसे, येणारा वानर दुरून दिसे. माळ पाठीमागे राही. तिची आईही तशीच बसत असे आणि पणजीही.

त्या दिवशी ती पहिल्यांदा दगडावर उलटी बसली.

सावा वाटला गेला. चारोळी माळावर गेली. मग एका खारीने हळूच विचारले, "बाई, आम्ही पण आज फोडत नाही आहोत. आम्ही गिऱ्हाईक होऊ का?" मुकादमिणीने कोठीतले द्रोण मोजले. शेवटी म्हणाली, "रोजचा पहिला द्रोण घरचा. एकच. उरलेला माल." खारींनी पाने काढली. काहींनी ती नदीत टाकली. काहींना धीर झाला नाही, त्यांनी ती खोडाच्या फटीत जपून ठेवली.

उंदरिणीने मुकादमिणीलाही एक चारोळी दिली. तिने ती चावली आणि तोंड वाकडे केले. "एवढं काय कौतुक हिचं? मला तर कडूच लागते."

"अहो बाई," उंदरीण म्हणाली, "आधी पान तर काढा."

सगळी वस्ती हसली. मुकादमीणही हसली, पण उशिरा. तिने पान काढले तरी तिच्या तोंडाचा कडवटपणा जायला पुढचे चार-सहा दिवस लागले. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी ती नदीकाठी एकटी बसली होती आणि तिचा जबडा हलत होता, एवढेच कोठीआजीने पाहिले.

सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. साव्याला शेंगेची सर नाही. तो खाऊन खारी रोडावल्या, आणि दोन कुटुंबे जंगल सोडून डोंगराकडे गेली ती आलीच नाहीत. एकेचाळीस ढोल्यांपैकी बुंध्याजवळच्या सहा ढोल्यांत उंदरांनी आपली पिल्ले आणून ठेवली. वरच्या पस्तीसपैकी एकीत पिंगळा राहिला, बाकीच्या रिकाम्याच राहिल्या. पण वैशाखात नवी फळे आली तेव्हा फोडायला सगळे दात हजर होते, आणि मृगाचा पाऊस आला तेव्हा वस्तीतले कोणी भुकेने गेलेले नव्हते. कोठीत खवट व्हायला चारोळीच उरली नव्हती.

पुढच्या वर्षी आमराईला चांगला मोहोर धरला. आंबे उतरले आणि व्यापारी वानर एका उडीत नदी ओलांडून आला. अंगाने भरला होता, बोलणेही पूर्वीसारखे झाले होते.

"काय मुकादमीणबाई! ओळख आहे ना? यंदा दुप्पट माल हवा. द्रोणाला पाच नाही, सहा देतो. मात्र सगळा माल आमचा. एक दाणा बाहेर जायचा नाही."

खारी एकमेकींकडे पाहू लागल्या. सहा द्रोण शेंगा! खोडाच्या फटीत पान ठेवलेल्या दोघी-तिघींचे हात आपोआप फटीकडे गेले. मुकादमिणीने ते पाहिले. तिने वानराकडे पाहिले, मग मान वळवून माळाकडे पाहिले. माळावरून त्या वेळी कोणी येत नव्हते. नुसती वाट होती, पण एका वर्षात येणाऱ्या-जाणाऱ्या पायांनी ती चांगली रुळली होती.

"पाचच द्या," ती म्हणाली. "पण पहिला द्रोण घरचा आणि दुसरा माळाचा. त्यानंतर जेवढे भरतील तेवढे तुमचे."

"माळाचा?" वानराने कपाळाला आठ्या घातल्या. "त्या उंदरांचा? दोन द्रोण सावा देणाऱ्यांचा?"

"हो. मोहोर गळला तेव्हाही त्यांनी दोनच दिले होते."

वानर थोडा वेळ शेपटी आपटत राहिला. मग जुन्या ओळखीने हसून, पूर्वी निघताना विचारी तसे त्याने विचारले, "बरं, बरं. बाकी तोंड कडू?"

सगळी वस्ती कान देऊन ऐकत होती. पणजीच्या वेळेपासून या प्रश्नाला एकच उत्तर होते.

"नाही हो," मुकादमीण म्हणाली. "आता चव कळते."

तात्पर्य : आपण पिकवतो त्याची चव आपल्याच घरच्यांना जो कळू देत नाही, त्याचे पोट परक्याच्या झाडावरच्या मोहोराला टांगलेले असते.